झिंक की सेलेनियम? त्वचेच्या दाहासाठी कोणती गोळी

माझा कौल झिंकला, तोही हात राखून. झिंक कमी पडलं की त्वचा खरोखर बिघडते. ॲक्रोडर्माटायटिस एन्टेरोपॅथिका या जन्मजात आजारात आतड्यातून झिंक नीट शोषलं जात नाही. बाळाच्या तोंडाभोवती, शीच्या जागी लालभडक चट्टे उठतात आणि झिंक सुरू केलं की काही दिवसांतच ओसरू लागतात. मुरुमांवरही थोडा गुण येतो, पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक झिंकपेक्षा सरस ठरलं.

सेलेनियमची बाजू कागदावर चांगली दिसते. दाह आवरणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे शरीरातलं एन्झाइम त्याच्यावरच चालतं. पण गोळ्यांनी सोरायसिसचे चट्टे कमी होतात, याला भक्कम पुरावा नाही. (कोंड्यावरचा सेलेनियम सल्फाइड शाम्पू वेगळा, तो टाळूवरच्या बुरशीवर काम करतो.)

जास्त झालं तर? सेलेनियमने केस गळतात, नखं ठिसूळ होतात. झिंक दीर्घकाळ जास्त घेतल्यास शरीरातलं तांबं घटतं, रक्तक्षय होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत. जेवणात मात्र मोड आलेली मटकी जरूर घ्या: मोड आल्याने झिंक अडवणारं फायटेट कमी होतं.