बॉल पाडायचं ॲप: चंद्रासाठी घ्या, शुक्राचं काही खरं नाही (३ स्टार)

यंदा मुलीची दहावी, विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, म्हणून हे ॲप घेतलं. जाहिरातींनी डोकं उठवलं तेव्हा १४९ रुपये भरून त्या बंद केल्या, हे आधीच सांगून टाकतो. स्क्रीनचे दोन भाग, दोन्हीकडे वेगळा ग्रह निवडायचा, उंची ठरवायची आणि वस्तू सोडायची, खाली स्टॉपवॉच पळतं, बास.

पहिल्यांदा २ मीटरवरून पृथ्वी आणि चंद्र लावले. सोडायच्या आधी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली बाबा चंद्राची ओढ आपल्या सहावा हिस्सा ना, मग सहापट वेळ लागणार. खरं सांगू, मीपण मान डोलावली. आकडे आले पृथ्वी ०.६४ सेकंद आणि चंद्र १.५७, म्हणजे जेमतेम अडीचपट! मग दोघांनी वही काढली तेव्हा कळलं की सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून सहा नाही, सहाचं वर्गमूळ. माझे १४९ तिथंच वसूल.

मंगळ १.०४ सेकंद, ठीक. गुरूवर ०.४०, डोळ्याला काहीच दिसत नाही आणि स्लो मोशन दिलेलंच नाही. वर बॉल ठक्कन जमिनीवर आपटतो. अहो गुरू वायूचा गोळा, त्याला जमीन कुठून आणली?

पण खरी गडबड शुक्रावर. ह्यांनी प्रत्येक ग्रहाला फक्त g चा, म्हणजे ग्रहाच्या ओढीचा, आकडा बदललाय, हवा धरलीच नाही, त्यामुळे पीस आणि हातोडा सगळीकडे जोडीनंच पडतात. चंद्रावर ते बरोबर आहे, १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं तिथं कॅमेऱ्यासमोर हातोडा आणि ससाण्याचं पीस सोडून दाखवलं होतं. पण शुक्राची हवा आपल्यापेक्षा पन्नासेक पट दाट आणि ॲप म्हणतं पीस ०.६७ सेकंदात खाली! आमच्या गॅलरीतून सुटलेलं कबुतराचं पीससुद्धा निवांत गिरक्या घेत खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसतं, ती तर आपली साधी हवा.

दहावीच्या गणितात हवा धरत नाहीत म्हणून चालून जातंय. डेव्हलपरसाहेब, हवेचं एक बटण आणि स्लो मोशन द्या, उरलेले २ स्टार लगेच देतो.