ग्रामप्रिया कोंबडी : परड्यात दोन पावसाळे काढल्यावरचा अनुभव

ग्रामप्रिया पाळावी का, असं हल्ली वाडीतले बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं की जरूर पाळावी, पण घरच्या दोन-चार गावठी कोंबड्या त्यासाठी विकून टाकू नयेत. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते. मालवणजवळ आमचं घर आहे, मागे माड-पोफळीचं परडं (परसबाग) आणि पलीकडे काजूचा उतार. दसऱ्याच्या सुमारास पिल्लं आणली होती, आता दुसरा पावसाळा सरत आलाय. चिवचिवणाऱ्या पिल्लापासून पिसं झाडणाऱ्या जुन्या कोंबडीपर्यंतचा सगळा फेरा बघून झाला आहे.

आधी जातीबद्दल थोडं. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या राजेंद्रनगरमधल्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली संकरित कोंबडी. त्याच संस्थेची वनराजा अंडी आणि मटण दोन्हींसाठी आहे, ग्रामप्रियाचा भर अंड्यांवर. अंगानं हलकी, पायानं उंच, रंग बहुतेक तांबूस-तपकिरी आणि अंडंही तपकिरी. परसात ठेवली तर ७२ आठवड्यांच्या वयापर्यंत १६० ते १८० अंडी, असा संस्थेचा आकडा आहे. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, तिचा बराच काळ खुडूक बसण्यात, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसण्यात, आणि पिल्लं फिरवण्यात जातो. आमच्या चांगल्या कोंबड्या संस्थेच्या आकड्याच्या जवळ गेल्या, मध्यम होत्या त्या मागे राहिल्या. पण अंडी वर्षभर सारखी मिळत नाहीत. शिमग्यापासून मेपर्यंत टोपली भरते आणि आषाढात तळ दिसतो.

ही कोंबडी खुडूक बसत नाही, म्हणूनच तर एवढी अंडी देते. शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कोंबड्यो अंडी घालतीत गो, पण पिलां कोण काढतला?" प्रश्न अगदी बरोबर होता. बरं, यांची अंडी गावठीखाली रवणाला (उबवायला) बसवली तरी निघणारी पिल्लं पुन्हा ग्रामप्रिया नसतात. संकराचा गुण पुढच्या पिढीत फुटतो, काही तलंगा (तरुण माद्या) चांगल्या निघतात, काही साध्याच. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी पिल्लं विकतच आणावी लागतात. तीही खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच आणा, कारण ग्रामप्रिया म्हणून बाजारात कसलीही तांबडी पिल्लं खपवली जातात. आणि नर-मादी निवडून मिळाली नाहीत तर निम्मे कोंबडे निघणार, हा हिशेब आधीच धरा. आमचे कोंबडे साडेतीन-चार महिन्यांत सव्वा ते दीड किलोचे झाले आणि वडे-सागोतीला उत्तम लागले.

पहिले सहा आठवडे हा खरा कसोटीचा काळ. पुस्तकी पद्धत म्हणजे भाताच्या तुसाची गादी, वर बल्ब, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब आणि मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि रात्री वीज गेली की पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. इथं गावठी कोंबडी कामाला आली. आमची एक करडी कोंबडी रवणाला बसून तीन आठवडे होत आले होते. एक दिवसाची पिल्लं आणली त्या रात्री अंधारात तिच्याखालची अंडी काढून डझनभर पिल्लं एकेक करून पोटाखाली सरकवली. सकाळी ती त्यांना घेऊन तुसात पाय मारत होती. बाकीची बल्बखाली वाढली. दोन्हींतला फरक महिन्याभरात उघड दिसला. करडीच्या पिल्लांना घारीची सावली कळायची, तिनं एक आवाज काढला की ती अबोलीच्या ताटव्यात नाहीशी व्हायची. बल्बखालची मोकळ्यावर मान वर करून उभी राहायची. मुंगूस आणि घारीनं नेली ती बहुतेक त्यांच्यातलीच.

लसीकरणात मात्र कसलीही सवलत नाही. गावठी कोंबडी आजारी पडत नाही, असं आपल्याकडे म्हणतात, पण मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ आली की अख्ख्या वाडीची खुराडी रिकामी होतात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचलेली हवी, ते विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडीच्या लासोटा लशीचा थेंब, दोन आठवड्यांची झाली की गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्याच्या सुमारास देवीची आणि आठव्या-नवव्या आठवड्यात मानमोडीचीच दुसरी लस, आर-टू-बी. आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तारखा नक्की करून घ्याव्यात. अडचण एवढीच की कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही चार घरं मिळून एकच कुपी आणतो. बंदरावरून मासळीचा बर्फ आणून थर्मासमध्ये भरायचा, त्यात कुपी ठेवायची, आणि ऊन चढायच्या आत चारही खुराड्यांत गावठीसकट सगळ्यांना लस द्यायची. गावठी वगळल्या तर या खर्चाला अर्थ राहत नाही.

आता खाद्य. दिवसभर कोंडून तयार खाद्यावर ठेवलेली अंड्याची कोंबडी रोज ११०-१२० ग्रॅम खाते. खालच्या वाडीतल्या एका भाऊंनी अशाच ठेवल्यात, अंडी आमच्यापेक्षा जास्त मिळतात, पण खाद्याची गोणी सगळं खाऊन टाकते असं ते स्वतःच सांगतात. आमच्या दिवसभर परड्यात फिरतात. शेणखताच्या खड्ड्यातले गेंडा भुंग्याचे हुमण (अळ्या) उकरून खातात, माडांच्या आळ्यांत पाला उलथतात, पिल्लं असताना वाळवीचं वारूळ फोडून दिलं तर त्यावर तुटून पडतात. सकाळी थोडं आणि संध्याकाळी मूठ-मूठ कणी-कोंडा आणि अंड्याच्या कोंबड्यांचं तयार खाद्य मिसळून देते. बाहेर चरायला भरपूर असेल तर निम्म्या खाद्यात भागतं. पण नुसत्या कणीवर आणि खरकट्यावर ठेवून १६० अंड्यांची अपेक्षा करणं कोंबडीवर अन्याय आहे. काकींच्या बहिणीनं तसंच केलं आणि मग 'जात खोटी' म्हणून बोल लावला.

सुकटीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर ती हाताशी असते. प्रथिनं चांगली मिळतात, पण खारवलेली मासळी कोंबडीला घालू नये. मीठ जास्त झालं की ती पाणी पाणी करते, विष्ठा पातळ होते, खुराडं ओलं राहतं. बिनमिठाची उन्हात वाळवलेली आणा, नाहीतर धुऊन वाळवा, आणि तीही चिमटीनं घाला. प्रमाण वाढलं की अंड्याला माशाचा वास येतो. तपकिरी अंड्यांच्या काही कोंबड्यांत हा दोष उपजतच जास्त असतो. आमच्याकडे एकीचीच अंडी तशी लागायची, सुकट बंद केल्यावर वास गेला.

सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला लागलं ते कवचाकडे. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. आठवड्याला चार-पाच अंडी घालणाऱ्या कोंबडीला ते कुठून तरी मिळायला हवं, आणि आमची जांभ्याची माती पावसानं धुपून आम्लधर्मी झालेली, तिच्यात चुना फारसा नाहीच. गावठी कमी अंडी घालते म्हणून तिचं भागतं, हिचं भागत नाही. चैत्रात कवचं इतकी पातळ यायला लागली की हातात घेताना बोट आत जायचं. यावरचा उपाय खाडीनंच दिला. तिसऱ्या आणि मुळे ही खाण्याची शिंपल्यांतली मासळी, तिच्या रिकाम्या शिंपल्या घरोघरी टाकून देतात. त्या धुऊन चुलीच्या कडेला निखाऱ्यांवर ठिसूळ होईपर्यंत भाजायच्या, पार चुना होईपर्यंत जाळायच्या नाहीत, आणि व्हायनात (दगडी उखळात) मुसळानं कांडायच्या. पीठ करायचं नाही, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे. कवच रात्री तयार होतं, आणि जाड तुकडे पोटात रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. हे खाद्यात न मिसळता नारळाच्या करवंटीत वेगळं ठेवते, ज्या कोंबडीला गरज असेल ती येऊन खाते. अंड्यावर आलेल्या तलंगेला हे चालतं, लहान पिल्लांना देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांना ते बाधतं. पंधरा दिवसांत कवच पुन्हा टणक झालं. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र करवंटी भरलेली असूनही कवच थोडं पातळ राहतं, कारण धापा टाकणाऱ्या कोंबडीचं खाणं कमी होतं आणि कवच बनायलाही अडथळा येतो. फणसाखालची सावली आणि मडक्यातलं गार पाणी एवढंच तेव्हा करता येतं.

पावसाळ्यात ग्रामप्रियाची आणि पाळणाऱ्याची, दोघांचीही परीक्षा असते. जून लागला की गावठी कोंबडी पडवीत, गोठ्यात, गवताच्या उडवीखाली आपली जागा शोधते. ग्रामप्रिया भिजत उभी राहते. आमचं खुराडं चिऱ्याच्या जोत्यावर आहे, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. तळाला पोफळीच्या रिपा बोटभर अंतरानं ठोकल्यात, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि तळ कोरडा राहतो. पश्चिमेला माडाच्या चुडतांची झापं दुहेरी बांधली तरच झड आत येत नाही. ओली गादी म्हणजे रक्ती हगवणीला आमंत्रण. तळाला तूस अंथरलेलं असेल तर ते रोज हलवायचं, ओलं झालेलं काढायचं. खाद्याला आठवड्याभरात दमट वास येतो, बुरशी धरलेला मका किंवा पेंड कोंबडीच्या यकृतावर जाते, म्हणून जूननंतर मोठी गोणी आणतच नाही, थोडं थोडं आणून पत्र्याच्या डब्यात ठेवते. अंगावर किडे होतात तेही याच दिवसांत, कारण धुळीत लोळायला कोरडी जागाच नसते. चुलीची चाळलेली राख पडवीच्या कोपऱ्यात एका जुन्या टोपलीत ठेवली, तिथं पाळी लावून लोळतात.

अंडी पावसात निम्म्यावर येतात. आषाढात दिवस मोठा असला तरी आभाळ भरलेलं आणि कोंबडी खुराड्यात, मग उजेड मिळणार कुठून? चांगलं अंडं देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे दोन तास छोटा एलईडी दिवा लावून बघितला, फरक पडला, पण पहिल्या पावसाळ्यातच, दुसऱ्यात नाही. तोवर कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली होती आणि त्या काळात त्यांच्याकडून काही मागू नये. श्रावणात आणि गणपतीत गिऱ्हाईकही कमी असतं, त्यामुळे नुकसान वाटतं तेवढं होत नाही.

रात्रीच्या राखणीत कुचराई नको. कोंबड्यांसाठी म्हणून मिळते ती पातळ षटकोनी जाळी उदमांजर दातानं सोडवतं. अर्ध्या इंची वेल्डमेश लावा आणि दाराला कडीबरोबर खुंटीही ठेवा. ग्रामप्रियाचा एक गुण इथं कामाला येतो, तिन्हीसांजेला ती शहाण्यासारखी आपल्या पायानं खुराड्यात येते. गावठीला आंब्याच्या फांदीवरून उतरवावं लागतं. अंडी घालायलाही ती ठरलेल्या जागी येते. हापूसच्या रिकाम्या पेट्यांत पेंढा घालून ठेवलाय, चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. शोधाशोध नाही, कावळ्याला आयतं मिळत नाही.

विक्रीबाबत एक गोष्ट कळकळीनं सांगते. तपकिरी अंडं दिसलं की मुंबईहून आलेली मंडळी ते गावठी समजतात आणि दुकानदारही तसंच सांगून जास्त दरानं विकतात. मी 'ग्रामप्रियाचं, परड्यात फिरणाऱ्या कोंबडीचं' असंच सांगते आणि दर गावठीपेक्षा थोडा कमी ठेवते. गिऱ्हाईक तुटलं नाही. कवचाच्या रंगानं अंड्याचा कस ठरत नाही, आणि बलक केशरी येतो तो हिरवा पाला खाल्ल्यानं, मग कोंबडी कुठलीही असो. ग्रामप्रियाचं अंडं गावठीपेक्षा मोठं, ५५ ग्रॅमच्या आसपास. कालवणाला आमच्या घरी हेच आवडतं. सासूबाईंना मात्र गावठीच लागतं, आणि राखणदार देवाच्या राखणीला कोंबडा द्यायचा तर तो गावठीच, यात वाडीत कोणाचं दुमत नाही.

दुसऱ्या वर्षी अंडी कमी होतात, काहींची निम्म्यापेक्षा खाली जातात. शेजारच्या एका वहिनी अशा कोंबड्या लगेच काढतात. मी आणखी एक हंगाम ठेवते, कारण जाणत्या कोंबड्यांमागे नव्या तलंगा परडं लवकर शिकतात. नव्या पिल्लांची मागणी दसऱ्यासाठीच नोंदवली आहे. ऑक्टोबरात आलेलं पिल्लू सव्वापाच-साडेपाच महिन्यांत, शिमगा-पाडव्याच्या आसपास पहिलं अंडं घालतं, पुढे चाकरमानी येतात तेव्हा भरात असतं आणि पावसाला तोंड द्यायला पुरतं दणकट झालेलं असतं. फेब्रुवारीत पिल्लं आणणाऱ्यांच्या कोंबड्या ऐन जुलैत अंड्यावर येतात आणि महिनाभर नुसतं खात बसतात. फक्त शनिवार-रविवार गावी येणाऱ्यांनी मात्र या फंदात पडू नये, हिला रोज माणूस लागतं. करडी परत खुडूक झाली आहे. पिल्लं वेळेवर आली तर या वेळी जास्तीत जास्त तिच्याच पोटाखाली घालणार आहे, आणि उरलेल्यांसाठी काकींच्या दोन कोंबड्या मागून ठेवल्यात.