जुन्या व्हिकरेजमध्ये आठ महिने: नकाशा एक नंबर, भिंतींचं मात्र बघा

इंग्लंडात एका खेड्यातल्या जुन्या व्हिकरेजमध्ये, म्हणजे चर्चच्या पाद्र्यासाठी बांधलेल्या व्हिक्टोरियन घरात, भाड्याने राहून आठ महिने झाले, हिवाळा काढलाय म्हणजे आता बोलायला हरकत नाही. चर्चने घर कधीच विकलंय, हल्लीचे पाद्रीबुवा शेजारी छोट्या नव्या घरात राहतात आणि ते आमच्यापेक्षा उबदार आहे.

लोक टोकदार कमानी आणि उंच धुराडी बघून फोटो काढतात पण खरी गंमत नकाशात आहे. स्टडी अगदी पुढे, तिला बाहेरून वेगळं दार. लग्न ठरवायला, मयताचं सांगायला, मदत मागायला आलेला माणूस तिथूनच यायचा-जायचा, आत घरच्यांचं काय चाललंय ते त्याला कळायचंही नाही. वाड्यात ओसरीवरच निम्मी कामं उरकायची ना, तसंच. मी तिथेच लॅपटॉप मांडलाय, पोरं आत धिंगाणा घालतात तरी मीटिंगमध्ये ऐकू जात नाही. मागचा नोकरांचा जिना मात्र इतका उभा की कपड्यांची बादली घेऊन उतरताना देव आठवतो, पाद्र्याचंच घर म्हणा.

मध्ये ससेक्समधलं अल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाऊस, म्हणजे पाद्र्याचंच जुनं घर, बघून आलो. 14व्या शतकातलं, लाकडी सांगाडा, गवताचं छप्पर, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 मध्ये 10 पौंडांना घेतलेली त्यांची पहिली इमारत. जमीन चोपलेल्या खडूची, वरून आंबट दूध, थेट शेणाचं सारवण आठवलं. मधला हॉल छपरापर्यंत उघडा, आडोसा असा नाहीच. तेव्हा पाद्री ब्रह्मचारी, लग्नाची मुभा इंग्लंडात 1549 साली मिळाली. बायकापोरं आल्यावरच स्टडीला वेगळं दार लागणार ना!

आता तक्रार. खिडक्या एकेरी काचेच्या, घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, परवानगीशिवाय बदलल्या तर चक्क गुन्हा. ते चालवून घेतलं, पडदे जाड लावले. पण उत्तरेच्या भिंतीत कुणीतरी विटांमधल्या फटींतला चुना खरवडून सिमेंट भरलंय, ओल बाहेर पडायला वाटच नाही, बोट फिरवलं की विटेची लाल भुकटी हाताला लागते. दोन फुटांवर जुना चुना शाबूत आहे तिथे वीट ठणठणीत! मालक म्हणतात बघू. करार वाढवलाय, पण यावेळी लिहून घेतलं, भिंत चुन्यानेच भरायची आणि तीही ऑक्टोबरच्या आत, कारण गारठ्यात चुना धरत नाही.