मोफत वाटण्याच्या नावाखाली हक्कच लिहून घेतले

शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी मी गणिताचे सराव संच करते. कळव्याच्या घरात, रात्री सगळं आवरल्यावर. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट. कोणी छापा, कोणी वाटा, माझं काही म्हणणं नव्हतं.

जून २०२३ मध्ये एक गृहस्थ घरी आले. बोलणं अगदी गोड. "मॅडम, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या शाळांना आम्ही हे छापून मोफत देणार. फक्त ना-हरकत पत्रावर सही हवी." चहा संपायच्या आत मी सही केली. पानं दोन होती, वाचलं पहिलंच. दुसऱ्यावर होतं, 'सर्व हक्क हस्तांतरित करीत आहे.'

दिवाळीनंतर ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानात तेच पुस्तक, १८० रुपये. माझं नाव कुठेच नाही. पण अकराव्या पानावरचं घड्याळ माझंच! हातातली पाटली ठेवून गिरवलेलं, म्हणून जरा चेपकं, आणि साडेचार वाजले तरी तासकाटा नेमका चारवर. चूक माझी, तीही त्यांनी विकायला काढली.

जानेवारीत पालकांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज: ही पीडीएफ पुढे पाठवू नये, कारवाई होईल. म्हणजे माझंच काम मीच वाटायचं नाही. "फुकटच देत होतीस ना, मग तुझं गेलं काय?" घरच्यांनीसुद्धा विचारलं. माझा पैसा गेला नाही, खरंय. पोरांचा सराव गेला.

कोर्टनाक्यावरच्या वकीलबाईंनी १९५७ चा कॉपीराइट कायदा समजावला. हक्क लिहिल्याबरोबर आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. तो देऊन टाकला तरी लेखक म्हणून नाव सांगायचा अधिकार कलम ५७ प्रमाणे आपल्याकडेच राहतो. माझ्या पत्रात मुदतच नाही, म्हणून कलम १९ नुसार ती पाच वर्षांची धरली जाते. नावासाठी नोटीस धाडली आहे. फसवून सही घेतली याला पुरावा म्हणाल तर दोन चहाचे कप.

हक्कबिक्क ही विकणाऱ्यांची भानगड, असं मला वाटायचं. आधीच पानाखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे लेखकाने सगळ्यांना आधीच देऊन ठेवायच्या तयार परवानग्यांपैकी, 'नाव द्या, विकू नका' हा परवाना टाकला असता, तर ज्यांच्याकडे पीडीएफ पोचली होती त्यांना कोणी अडवू शकलं नसतं. तो एकदा दिला की मागे घेता येत नाही. नव्या संचावर ती ओळ आहे.

कोणी 'ना-हरकत' घेऊन आलं तर कागद रात्रभर घरी ठेवून घ्या. माझ्याकडे आलेल्यांना पाच-चाळीसची लोकल पकडायची होती.