खोलीतल्या सामानाचा विमा घ्यावा की नुसता लॅपटॉपचा?

मुंबईत कलिन्याला भावाच्या पीजीतून लॅपटॉप गेला तो सकाळी साडेसहाला. चौघांपैकी एक जण आंघोळीला गेलेला, बाकीचे झोपलेले, दाराला कडी नाही. चार्जर तेवढा प्लगला लटकत राहिला. घरफोडीचा विमा होता, पण कंपनीने कुलूप तोडल्याची खूण मागितली. ती नव्हती, म्हणून दावा फेटाळला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, हप्ता नंतर बघा. आपली वस्तू कशी जाऊ शकते ते आधी बघा.

सामानाचा विमा पत्त्याला बांधलेला असतो. सांगलीच्या घराची पॉलिसी मुंबईतल्या खोलीला लागू होत नाही. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी भाडेकरूला फक्त सामानापुरती घेता येते. आग लागली, पुराचं पाणी शिरलं, तर भरपाई मिळते. चोरी मात्र अशा एखाद्या घटनेनंतरच्या सात दिवसांत झालेलीच धरतात, त्यामुळे घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. शिवाय घराबाहेर नेलेली वस्तू यात येत नाही, आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप तर दिवसभर पाठीवरच असतो.

गॅजेट विमा, म्हणजे नुसत्या लॅपटॉप-मोबाईलचा विमा, वस्तूबरोबर फिरतो. पडणं, चहा सांडणं यासाठी तोच उपयोगी. पण बहुधा नवीन वस्तूलाच, खरेदीनंतर थोड्या दिवसांत मिळतो आणि भरपाईतून घसारा, म्हणजे वापरामुळे कमी झालेली किंमत, कापतात. चोरीचं कलम शब्दन् शब्द वाचा. रिक्षात विसरलेला मोबाईल सहसा चोरीत धरत नाहीत. दुकानदार देतो ती एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. ती फक्त बिघाडापुरती.

माझ्या मते पीजीत एक कॉट असेल तर गॅजेट विमा पुरे. तिघा-चौघांनी मिळून तळमजल्यावर भाड्याची जागा घेतली असेल, फ्रिज, वॉशिंग मशीन स्वतःचं असेल, तर सामानाचाच घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि सखल भागात आजही दर पावसाळ्यात पाणी भरतं.

चोरी झाली तर त्याच दिवशी एफआयआर करा, कंपनीला कळवा, मोबाईल असेल तर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर ब्लॉक करा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल; तिथे फी लागत नाही.

आणि बिल, सिरियल नंबर यांचे फोटो आजच काढून घरी पाठवा. भावाच्या लॅपटॉपचा नंबर लॅपटॉपच्या मागेच होता, आणि खोकं आम्ही रद्दीत दिलं होतं.