महाकपी आणि माणूस: कवट्यांच्या प्रतिकृतींचा संच

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि माणूस यांच्या कवट्यांच्या मूळ आकारातील प्रतिकृतींचा संच घेतला. प्रतिकृती उत्तम आहेत. सोबतची माहितीपुस्तिका मात्र विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगी नाही.

माणसाची कवटी उलटी धरली की मेरुरज्जू ज्यातून खाली उतरतो ते मोठे छिद्र तळाच्या जवळजवळ मध्यावर दिसते, तर चिंपांझीच्या कवटीत ते बरेच मागे सरकलेले असते. दोन पायांवर ताठ चालणाऱ्याचे डोके कण्यावर तोललेले असते, हे मुलांना मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दातांचे कामही काटेकोर आहे. चारही कवट्यांत दात ३२च, पण महाकपींच्या वरच्या जबड्यात सुळ्याच्या पुढे खालचा सुळा बसण्यापुरती फट आहे आणि माणसात ती नाही. हनुवटी तर केवळ माणसालाच आहे. गोरिला नर असल्याने त्याच्या माथ्यावरचा हाडाचा उभा कंगोरा बोटांनी चाचपता येतो. चावण्याचे बळकट स्नायू या कंगोऱ्याला जोडलेले असतात आणि पाने, देठ, साली यांवर जगणाऱ्या या प्राण्याला त्यांची गरज असते.

पुस्तिकेने मात्र सुळे पाहून गोरिलाला हिंस्र शिकारी ठरवले आहे. ते सुळे आणि छाती बडवणे हे मुख्यतः प्रतिस्पर्धी नरांसाठी असते. उलट, माकडांची शिकार करून मांस खाणाऱ्या चिंपांझीला तिने निव्वळ फलाहारी म्हटले आहे. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींना पाने काढून टाकलेल्या काड्यांनी वाळवी काढून खाताना पाहिले, तरीही अवजारे फक्त माणूसच बनवतो असे येथे छापले आहे. माणूस चिंपांझीपासून झाला, हे विधान तर सर्वांत घातक आहे. दोघांचा पूर्वज समान होता आणि त्यांचे वंश सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. चिंपांझीइतकाच आपल्या जवळचा असलेला, माद्यांच्या एकजुटीने ज्याचे कळप चालतात तो बोनोबो हा महाकपी पुस्तिकेत कुठेच नाही, याचे मला फार वाईट वाटले.

घेताना खालच्या जबड्यांच्या स्प्रिंगा दुकानातच तपासाव्यात. आमच्या ओरांगउटानची एक सैल निघाली होती, ती दुकानदारांनी विनातक्रार बदलून दिली.