सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियन हक्कांवरचा ऑनलाईन कोर्स: घ्यावा का?

ऑफिसातल्या युनियनचं काम अंगावर पडलं म्हणून हा कोर्स घेतला, नाव सांगत नाही कारण खाली जरा बोललोय त्यांना. शिकवणारे सर मात्र एक नंबर. आपल्याकडे युनियन आहे म्हणजे संप करता येतो असं धरून चालणारे ढीगभर आहेत, सरांनी संघटना करणं, वाटाघाटी करणं आणि संप करणं हे तीन हक्क पहिल्याच सेशनला सुटे करून टाकले. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) १९४८ च्या ८७ नंबरच्या करारात संघटनेचा हक्क सरकारी नोकरांनाही आहे, फक्त सैन्य आणि पोलिसांचं ज्या त्या देशावर सोडलंय. वाटाघाटीच्या ९८ नंबरमधून राज्यकारभार चालवणारे कर्मचारी बाहेर राहिले, मग १९७८ ला १५१ नंबर आला. संपाचं उदाहरण म्हणून अमेरिकेतले १९८१ चे एअर ट्रॅफिक कंट्रोलर, कामावर परतायला ४८ तासांची मुदत देऊन अध्यक्ष रेगनने ११ हजारांवर लोक काढले ते काढलेच. आपल्या सुप्रीम कोर्टाचा २००३ चा तामिळनाडूचा निकालही आहे, संपाचा मूलभूत हक्क नाही म्हणणारा.

सगळ्यात भारी म्हणजे चौकशीचा सराव. स्क्रीनवर साहेब म्हणतात 'जरा आत या, दोन मिनिटं बोलायचंय', व्हिडिओ थांबतो आणि उत्तर आपण टाइप करायचं. मी नुसतं 'बरं सर' लिहून बघितलं तर लाल रंगात आलं: प्रतिनिधी मागितला नाही, हक्क लागू नाही! चौकशीत युनियनचा प्रतिनिधी सोबत ठेवायचा हा हक्क अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९७८ च्या कायद्याने मिळतो, पण कारवाईची रास्त भीती पाहिजे आणि तोंडाने मागायला पाहिजे.

आता राग येतो ते. वर्गणीच्या स्लाइडवर अजून लिहिलंय की अमेरिकेत मेंबर नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्याकडूनही युनियन फी कापता येते, अहो ते तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या जानस निकालाने बंद झालं ना! मेल टाकला तर 'टीमकडे पाठवलंय' एवढंच उत्तर, स्लाइड तशीच. युनियनला सरकारी मान्यता मिळण्याचा भाग तर पळवलाच, आपल्या केंद्राच्या १९९३ च्या नियमात किमान ३५ टक्के मेंबर लागतात ही अट एका ओळीत उरकली, आणि ती मेंबर पडताळणी कशी होते, पगारातून वर्गणी कापण्याची संमती कशी घ्यायची, यावर चकार शब्द नाही, म्हणजे ज्यावर रोज भांडणं होतात तेच नाही. टेस्टमध्ये नुसती सालं विचारतात.

नवीन प्रतिनिधी असाल तर चौकशीच्या सरावासाठी घ्या, खजिनदारांनी नाही घेतला तरी चालेल. व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत, ते आधी बघून ठेवा.